तिखल्याला मॅच होणारी फरशी

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उचकटून, जुन्या चादरीत गुंडाळून, ते मांडीवर घेऊन रिक्षात बसलेला माणूस तुम्ही मुलुंड ते घाटकोपर रस्त्यावर पाहिला असेल, तर तो माझा नवरा होता. शेजारी तोंड लपवून बसलेली मी. रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "काका, भगवान का फोटो है क्या?"

"नाही," नवरा गंभीरपणे म्हणाला, "शेड आहे."

नवऱ्याने सगळी नोकरी मरोळला छपाईची शाई बनवणाऱ्या कारखान्यात केली. काम एकच, रंग जुळवायचे. बिस्किटाच्या पुड्यावरचा पिवळा गेल्या महिन्यात होता तसाच या महिन्यात आहे की नाही, हे तो नुसत्या डोळ्यांनी सांगायचा. नोकरीतून निवृत्त झाला, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. माझा ब्लाउज साडीवर जात नाही, हे तो मला घरात सांगत नाही. लिफ्टमध्ये सांगतो, शेजारी असताना.

तर आमच्या स्वयंपाकघराची फरशी पोकळ झाली होती. सिंकखालून पाणी झिरपून खालच्यांच्या छताला ओल आली, ते दोनदा वर येऊन गोड बोलून गेले आणि तिसऱ्यांदा गोड बोलले नाहीत. फरशी बदलणं भाग होतं. पण ओटा, भिंतीच्या टाइल्स आणि कपाटं काही वर्षांपूर्वीच नवीन केलेली, ती राहणार होती. सगळी बदामी. ओटा गडद बदामी, कपाटं मध्यम बदामी, भिंत दूध जास्त झालेल्या चहासारखी. या तिन्हींशी जमेल अशी फरशी शोधायची, हे नवऱ्याला निवृत्तीनंतर मिळालेलं पहिलं खरं काम होतं. म्हणून त्याने कपाटाचं दारच काढून सोबत घेतलं. सिंकशेजारचं, खालचं. तेच का, तर ते नेहमीच सैल असायचं. दर दोन महिन्यांनी तो त्याचे स्क्रू आवळायचा आणि बिजागऱ्या बनवणाऱ्यांचा उद्धार करायचा.

इथवर ठीक होतं. पण फरशीबरोबर त्याने एक फर्मानही काढलं.

"आई, नवीन फरशीवर खाली बसायचं नाही. गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणाले? आता सगळं काम ओट्यावर, उभं राहून."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. वेंगुर्ल्याकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा सासरे गिरणीत होते आणि खोलीत ओटा नावाची वस्तूच नव्हती. चूल खाली, पाटा खाली, माणसं खाली. पुढे मुलुंडला ओटा मिळाला, तो त्यांनी डबे ठेवायला वापरला. त्यांची जागा सिंकशेजारी, खिडकीखाली, जमिनीवर. तिथे विळी घेऊन बसायचं, नारळ खोवायचा, मासे करायचे. विळीला त्या आडाळो म्हणतात आणि सुरीला काहीच म्हणत नाहीत, कारण सुरी त्यांच्या लेखी हत्यार नव्हे.

"उभी रवान माका मासो कापूक जमणा नाय," त्या म्हणाल्या.

"शिकशील."

"ह्या वयात? तू शिक."

या भांडणात मी सासूबाईंच्या बाजूने होते, आणि त्यात फार मोठेपणा नव्हता. माझ्या माहेरी मासे साफ होऊन यायचे. बांगडा मला ताटात ओळखता येतो, त्याच्या आधी नाही. सासूबाई जमिनीवरून उठल्या की बांगडे माझ्या गळ्यात पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घाटकोपरच्या दुकानात नवऱ्याने ते दार ट्यूबलाइटखाली धरलं, मग दरवाज्यात उन्हात धरलं, मग दुकानदाराला धरायला लावून स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं. दुकानदार कच्छी, धीराचा माणूस. "साहेब, बदामी मध्ये बदामी टाकली तर सगळा एकच दिसेल ना," तो म्हणाला. "तेच पाहिजे," नवरा रस्त्यापलीकडून ओरडला. आम्ही चार बदामी नमुने घेऊन आलो. ते एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून दुकानदाराने पिशवीच्या तळाशी एक जाड, खरखरीत, विटकरी तुकडा टाकला होता, गॅलरीत बसवतात तसला. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

त्यानंतर ते दार आठवडाभर हॉलमध्ये सोफ्याला टेकून उभं होतं. नवरा त्याला घेऊन रोज कुठेतरी जायचा. भांडुप, विक्रोळी. एकदा तर वांद्र्यापर्यंत जाऊन आला.

अशाच एका सकाळी तो दार घेऊन गेलेला, कोळीण बांगडे देऊन गेली आणि सासूबाई खाली बसल्या. राख पसरून विळी ठेवली, सपासप डोकी उडवली, पोटं साफ केली, तुकडे टोपात टाकले. मग फरशी पुसली. मग परत पुसली. मी दारात उभी राहून फोनवर बोलत होते. त्या तिसऱ्यांदा पुसायला लागल्या, तेव्हा मी फोन ठेवला.

"आई, झालं ना?"

"झाला गो. जरा बसलंय."

त्यांचा डावा हात वर गेला, काही न सापडून खाली आला, पुन्हा वर गेला. हात जात होता त्या जागी कपाटाचं नुसतं उघडं तोंड होतं. दार विक्रोळीला होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई इतकी वर्षं त्या दाराच्या हँडलला धरून उठत होत्या. दार उगाच सैल होत नव्हतं. बिजागऱ्या बनवणाऱ्यांचा काही दोष नव्हता.

मला आधी हसू आलं. येऊ नये ते आलं. माझ्याकडे बघून त्यांनाही आलं. हसता हसता मी त्यांच्या काखेत हात घालून उचलायला गेले, तर माझाच पाय राखेवर सरकला आणि आम्ही दोघी बांगड्यांच्या टोपाशेजारी बसलो. शेवटी स्टूल आणलं, त्याला धरून त्या कशाबशा उठल्या. उठल्यावर मात्र हसल्या नाहीत.

"त्येका सांगू नको," त्या म्हणाल्या. "त्येका कळला तर माका परत खाली बसूक देवचो नाय."

"नाही सांगत."

"सांगलंस तर उद्यापासून बांगडे तू करशीत."

इतकी नेमकी धमकी मला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

संध्याकाळी नवरा सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारायला गेला आणि आम्ही नमुने जमिनीवर मांडून परीक्षा घेतली. सासूबाई एकेका तुकड्यावर विळी ठेवून पायाने दाबायच्या. चारही बदामी नमुन्यांवर विळी सर्रकन पुढे जायची. "घसारता," त्या म्हणायच्या आणि मी तुकडा उचलायची. शेवटी पिशवीतला तो गॅलरीचा विटकरी तुकडा टाकला. त्यावर विळी अशी बसली की जागची हलेना. आम्ही एकमेकींकडे बघितलं. प्रश्न इतकाच, की बदामीसाठी वेडा झालेल्या माणसाच्या गळी विटकरी रंग कसा उतरवायचा?

युक्ती सासूबाईंची. वकिली माझी.

रात्रीच्या जेवणाला बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घालून, लालभडक. मी विचारलं, "फरशी कशाला मॅच करायची असते रे?"

"जे आधीपासून आहे त्याला."

"मग या स्वयंपाकघरात सगळ्यात आधीपासून काय आहे?"

तो उत्तर शोधेपर्यंत सासूबाईंनी पळी उचलली आणि ताटांशेजारी मांडून ठेवलेल्या पाचही तुकड्यांवर थोडं थोडं तिखलं ओतलं. बदामी तुकड्यांवर खून झाल्यासारखं दिसायला लागलं. विटकरी तुकड्यावर तिखलं कुठे संपतं आणि फरशी कुठे सुरू होते, ते कळेना.

नवऱ्याने चष्मा चढवला. तुकडा दिव्याखाली नेला, तिरका केला, बोटाने पुसला, बोट चाटलं. "मीठ कमी आहे," म्हणाला. पुन्हा बघितलं. मग बराच वेळ आईकडे बघितलं. "मॅच आहे," तो म्हणाला, "अगदी झकास मॅच आहे. आणि बदामीला विटकरी उठून दिसतो. घेऊ."

इतका हट्टी माणूस इतक्या चटकन वाकला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाहीत. खाली बसण्याबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही विषय काढला नाही.

फरशी बसेपर्यंत सासूबाई हॉलमध्ये पाहुण्यासारख्या बसून होत्या. कारागीर गेले, सिमेंट वाळलं, आणि त्या दिवशी नवऱ्याने स्वयंपाकघराचा दरवाजा आतून लावून घेतला. आतून ड्रिलचा आवाज यायला लागला.

"माझ्या जाग्यार कायतरी ठोकता तो," सासूबाई म्हणाल्या. "कपाट ठोकता. माका बसूक जागाच ठेवचो नाय." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि मलाही वाटलं, वाट लागली.

दरवाजा उघडला. कपाटाचं ते दार परत जागेवर बसलं होतं. त्याच्या शेजारी, खिडकीखाली, भिंतीत एक स्टीलचा आडवा दांडा ठोकला होता, मजबूत, बाथरूममध्ये म्हाताऱ्यांसाठी लावतात तसा. आईकडे न बघता, दांड्याकडे बघत नवरा म्हणाला,

"दुकानात ट्यूबखाली धरलं तेव्हाच दिसलं. या हँडलची चमक वेगळी होती. घरी येऊन बाकीच्या हँडलांशी लावून बघितलं. हेच एक झिजलंय, आणि तेही खालच्या टोकाला. उभं राहून दार उघडणारा माणूस खालचं टोक कशाला धरेल?"

म्हणजे तिखल्याच्या रात्री त्याला सगळं माहीत होतं. आम्ही त्याला फसवत होतो आणि तो शहाण्यासारखा फसत होता. मला त्या माणसाचा इतका लोभ वाटला, की लिफ्टमधले सगळे ब्लाउज मी एका क्षणात माफ केले.

सासूबाई पुढे आल्या. सावकाश खाली बसल्या, फरशीवरून हात फिरवला, विळी ओढून बघितली. मग डावा हात वर नेला, दांडा धरला आणि एका दमात उठल्या. डोळे पदराने पुसले.

"जरा खाली होयो होतो," त्या म्हणाल्या.

"उद्या करतो."

"आणि हँडलांशी मॅच होतोय का?" मी विचारलं, कारण काहीतरी बोललं नसतं तर मी रडलेच असते.

"म्हणजे काय? हँडल खिशात घालून चार दुकानं फिरलो," नवरा म्हणाला. मग त्याने ते कपाटाचं दार एकदा उघडलं, एकदा लावलं, आणि स्क्रू ड्रायव्हर आत ठेवून दिला.

"आता हे सैल होणार नाही."