लेकीच्या खोलीतलं यंत्र

भूकंप मोजायचं यंत्र आमच्या घरी बसवायचं ठरलं, तेव्हा मी दोन दिवस पाड्यावर मिरवून घेतलं. डहाणूकडच्या या उधव्याजवळ घरं काय कमी आहेत? पण भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची माणसं जीप घेऊन वेवजी गावापासून फिरत आली, इकडची तिकडची अंगणं बघितली आणि टेकली ती आमच्याच ओट्यावर. जन्मभर शाळेत बाई म्हणून राबले, त्याचं काहीतरी वजन असणारच, असं मला वाटलं.

जमीन हादरायला लागून तेव्हा बरेच महिने झाले होते. आधी खालून गुडगुड असा आवाज यायचा, मग बुडाला कुणी लाथ मारावी तसा एकच धक्का बसायचा, मांडणीवरची भांडी वाजायची आणि संपलं. पहिल्यांदा सगळे म्हणाले, खाणीत सुरुंग लावलाय. खाणवाले म्हणाले, आम्ही नाही बुवा. मग धरणाच्या पाण्याचं निघालं, मग देवाचं निघालं, मग कुणी म्हणालं खाली गॅस आहे, कंपनीला कळलंय, आपल्याला सांगत नाहीत. ऐकून ऐकून डोक्याचा भुगा झाला. निम्मा पाडा ताडपत्रीखाली निजायचा. आमचे हे मात्र आत पलंगावर घोरत पडायचे. यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, क्वार्टर डहाणूला रुळाला लागून. म्हणायचे, "अगं, मालगाडी गेल्याशिवाय मला झोपच लागायची नाही. हे बरंच आहे की." अशा माणसाशी काय बोलायचं!

माझा जीव टांगणीला होता तो वेगळ्याच कारणानं. लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला लागतं? पण तिला दिलीय नवसारीला, आणि विहीणबाईंचा रोज फोन. मराठी चांगलं येतं त्यांना, पण काळजी गुजरातीतून करतात. "वेवाण, तमारे त्यां धरती हाले छे. वहुने केम मोकलुं?" तुमच्याकडे जमीन हलतेय, सुनेला कशी पाठवू, म्हणे. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येईना. आणि न पाठवलं तर मी कसली आई, हेही सुटेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं.

म्हणून यंत्र येणार म्हटल्यावर मला हायसं वाटलं. घरातच शास्त्रज्ञ येणार, त्यालाच विचारू, काय ते एकदा हो किंवा नाही कळेल.

शास्त्रज्ञ म्हणजे पिकल्या केसांचा कुणी असेल अशी माझी समजूत. आला तो तिशीतला काटकुळा पोरगा, कानटोपीसारखी टोपी घातलेला, उन्हानं नाक सोललेला. घरभर फिरला, प्रत्येक खोलीत पाय आपटून बघितला आणि मागच्या खोलीत थांबला. ती माझ्या लेकीची खोली. तिचं अभ्यासाचं टेबल, भिंतीवरचा पृथ्वीचा नकाशा, सगळं जागच्या जागी होतं. "काकू, इथे फरशीखाली थेट कातळ आहे. हीच द्या," म्हणाला. मी दिली. त्यानं फरशा फोडल्या, सिमेंटचा ओटा घातला आणि त्यावर तीन पायांचं, प्रेशर कुकरएवढं यंत्र ठेवलं. आडवा पडून, श्वास रोखून त्याचे स्क्रू फिरवत राहिला, आतला पाण्याचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत. मग उत्तर दिशा धरली, वरून थर्माकोलचा खोका घातला, म्हणाला थंडी-वाऱ्याचंही त्याला कळतं. एवढे लाड मी लेकीचेसुद्धा केले नव्हते.

"आता इथे कुणी यायचं नाही. मिक्सर, पाटा-वरवंटा शक्यतो पुढे. खोलीचं दार आपटायचं नाही."

सगळं मान्य केलं आणि चहा पुढे करत मुद्द्याचं विचारलं. "आता सांगा, मुलीला बाळंतपणाला आणू का नको?"

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, असे बारीक बारीक धक्के कधी कधी महिनोन् महिने येतात आणि आपोआप थांबतात. पुढे मोठा येईलच असं नाही. येणार नाही असंही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, त्यानं होत असेल असा एक अंदाज आहे, पण नक्की म्हणता येत नाही, म्हणून तर यंत्र लावतोय.

"म्हणजे आणू?"

"काकू, तसं नाही सांगता येत."

"म्हणजे नको?"

"तसंही नाही."

मी वर्गात असलं उत्तर ऐकलं असतं तर त्याला बाकावर उभा केला असता. शिकून-सवरून माणूस इतका गोंधळलेला असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. रागच आला. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो काही हातचं राखून बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं मी जास्तच घाबरले.

पुढे तो अधूनमधून यायचा, यंत्रात साठलेलं लॅपटॉपवर उतरवून घ्यायला. एकदा मला जवळ बोलावून दाखवलं. पडद्यावर बारीक केसासारखी रेघ चालली होती, मधेच फिसकारलेली. "हा धक्का. हा पण." मग खालच्या एका लांबलचक थरथरीवर बोट ठेवून मलाच विचारायला लागला, "काकू, पहाटे तुम्ही इकडे फेऱ्या मारता का?"

मारत होते. आत जात नव्हते, पण लेकीच्या खोलीच्या दाराशी पॅसेजमध्ये, या टोकाचं त्या टोकाला, आणू की नको करत.

"ही तुम्ही," म्हणाला. "काळजी करू नका, हे आम्ही गाळून टाकतो. बाकी तुमच्याकडे आवाजच नाही. म्हणून तर हे घर घेतलं. दोनच माणसं, पोरंबाळं नाहीत, येणं-जाणं नाही. एवढं शांत घर या पट्ट्यात दुसरं सापडलं नाही."

तो कौतुकानं बोलत होता बिचारा. माझं तोंड मात्र उतरलं. दोन दिवस मी कशासाठी मिरवत होते, ते मला त्या वेळी कळलं.

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको. सध्या माहेरी आहे, दिवस भरत आलेत."

"माहेर कुठलं?"

"किल्लारीजवळचं," तो म्हणाला आणि लॅपटॉपवरचे त्याचे हात थांबले.

किल्लारी म्हटल्यावर भूकंपाचं आणखी काय सांगायचं! मग तोच जरा हसून म्हणाला, "तिच्या आईनं मला काही विचारलंच नाही काकू. आली आणि घेऊन गेली."

तो गेल्यावर मी विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, भूकंपवाले साहेब तुमच्याकडेच असतात ना, ते काय म्हणतात? म्हटलं, साहेबांनी स्वतःची बायको माहेरी पाठवलीय. तशी त्या म्हणाल्या, "तो मोकलुं छुं." तर मग पाठवते. ह्याला पुरावा म्हणतात का, मला माहीत नाही.

लेक आली. तिला पुढची खोली दिली. आपली खोली दाराच्या फटीतून बघून म्हणाली, "आई, माझ्या जागी कुकर ठेवलास?" नात झाली डहाणूला, सुखरूप. घरी आणल्यावर मग कसली शांतता! पाड्यावरच्या बाया बघायला येत, तेलपाण्याला बाई येई, डिंकाच्या लाडवांसाठी मिक्सर, पाळण्याची कुरकुर, आणि नातीचा गळा तर विचारू नका. एकदा भर दुपारी चांगलाच धक्का आला. मी बाळाला छातीशी धरून अंगणात, लेक माझ्यामागे. आत हे घोरत होते आणि माझ्या हातात नातही गाढ झोपलेली. "आजोबांवर गेलीय," लेक म्हणाली. आम्ही दोघी तिथेच मातीत बसून हसलो. आणून बरोबर केलं की चूक, त्या वेळीही मला ठरवता आलं नसतं.

पुढच्या खेपेला पोरगा आला, लॅपटॉप उघडून डोकं धरून बसला. "काकू, या महिन्याचं काही हाताला लागत नाही. सगळा पाळणाच आहे." मग ओशाळून म्हणाला, "तुमचं घर आता आमच्या कामाचं नाही राहिलं."

एवढं गोड वाक्य मला कुणी ऐकवलं नसेल. मी त्याला डबाभर लाडू दिले, बाळंतिणीसाठी. त्याला मुलगा झाला होता, दोघं अजून तिकडेच होती. त्यांनी यंत्र उचललं आणि पलीकडच्या पाड्यावरच्या एका बंद घरात नेलं. आमच्याकडे फुटक्या फरशांमधला तेवढा सिमेंटचा ओटा राहिला.

महिने सरले. विहीणबाई गाडी घेऊन आल्या, नातीला कुंची घातली, नेलं. धक्केही आताशा कमी झालेत. का कमी झाले म्हणाल तर तेही कुणाला नक्की सांगता येत नाही. पाळणा उतरवून मी त्या ओट्यावर ठेवलाय. हे दिवसभर घरातच असतात, पण बोलतील तर शपथ. माझ्या पहाटेच्या फेऱ्या काही सुटल्या नाहीत. आता कशासाठी मारते, तेवढं कळत नाही.

परवा न राहवून त्या पोराला फोन लावला. म्हटलं, "यंत्र परत ठेवायचं असेल तर ठेवा. घर आता शांत आहे."

तो घुटमळला. "काकू, नवी जागा बरी चाललीय हो."

"बरं बरं. बायको आली का?"

"हो, कालच घेऊन आलो. बाळ आता पालथं पडतं."

"मग तुमच्या सासूबाईंना एक फोन करा," म्हटलं, आणि ठेवला.