पेरिनाच्या गच्चीवरचे अंजीर

लास्तोवो बेटावर हवामान रेडिओ सांगे, पण बंदरातले कोळी बघत पेरिनाच्या गच्चीकडे. तिने वाळत घातलेल्या अंजिरांच्या तट्ट्या आत घेतल्या की ते होड्यांना दुहेरी दोर बांधत. "उचलल्या रे बाईने!" ही हाक या होडीतून त्या होडीत जाई. पेरिनाचा नवरा हयात होता तेव्हापासूनची ही रीत.

नवरा गेला. मुलगा येर्को दूर उत्तरेला, रियेकाच्या बंदरात, मालवाहू जहाजावर लागला. तेव्हापासून पेरिना बेटाच्या अंदाजाआधी उत्तरेचा अंदाज कान देऊन ऐके. थंड हवेचा पट्टा आधी त्याच्या डोक्यावरून जाई, मग तिच्याकडे येई. सर कोसळली की ती खिडकीतून हात बाहेर धरी. पाऊस त्याला भिजवून आलाय, एवढं तिला पुरे होई.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी येर्को घरी यायचा होता. रात्रभर बसने स्प्लिटच्या बंदरापर्यंत, तिथून दुपारची बोट. सोमवारी त्याचं जहाज लांबच्या सफरीवर निघणार होतं. आज चुकामूक झाली तर भेट थेट वसंतात.

सकाळी रेडिओ म्हणाला, "मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर दुपारपासून थंड हवेचा पट्टा. सरी, जागोजागी विजांसह वादळी पाऊस. दक्षिणेचा वारा पडून उत्तरेचा थंड 'बुरा' वारा जोर धरेल."

पेरिनाने रेडिओ बंद केला. अंजिरांना अजून दोन दिवसांचं ऊन हवं होतं. मग ती ते तमालपत्रात दाबून भरणार होती, येर्कोला आवडतात तसे.

शेजारची लुत्से कुंपणावरून ओरडली, "अगं, तिकडे बघ काय काळंकुट्ट भरलंय! उचल त्या तट्ट्या."

"उचलीन."

"कधी? अंजिरांचं सरबत झाल्यावर?"

"तू आधी नवऱ्याची ती विजार काढ दोरीवरून. तिला बघूनच बोट माघारी जायची."

लुत्से हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "बोट काय तुझ्या अंजिरांना विचारून निघते, पेरिना?"

पेरिनाला ते कळत होतं. पण तट्ट्या उचलल्या की खाली सगळे म्हणणार, आज समुद्र बंद. ते तिला स्वतःच्या हाताने म्हणायचं नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"आई, बोट रद्द झाली. इथे आत्ताच धो धो पडून गेला. धक्क्यावर चिंब होऊन उभा आहे."

"आधी डोकं पूस."

"पुसतो. संध्याकाळच्या बसने परत फिरावं लागेल गं."

"हं."

"अंजीर आत घेतलेस ना?"

"केव्हाच! तू मला शिकवणार?"

तो हसला. त्याचं हसू बापासारखं होतं, अर्ध्यावर थांबणारं. "मग होड्याही बांधल्या असतील खाली."

"बांधल्या."

फोन ठेवला तेव्हा वारा एकदम पडला होता. डोंगरामागे गडगडलं आणि पहिली सर गच्चीवर आली. पेरिना बाहेर गेली, तळवा पुढे केला. पाणी थंडगार होतं. ती तशीच उभी राहिली, अंजीर फुगू लागले तरी.

डोक्यावर पोतं घेऊन लुत्से आली आणि तट्टीचं दुसरं टोक तिने धरलं.

खाली होड्या कधीच्या दुहेरी दोरांनी बांधलेल्या होत्या. तिथून कुणीतरी ओरडलं, "आज उशीर झाला गं, पेरिना!"

"झाला खरा," ती म्हणाली, आणि तट्टी उचलली.