यागोदा मावशीचा सोफा

यागोदा कोव्हाचेक सत्तावन्न वर्षांची होती आणि दिवसभर गोळ्या झाडणं हे तिचं काम होतं. शेजारणींना ती "कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे" एवढंच सांगायची. सकाळी दुब्रावाच्या थांब्यावर ट्राममध्ये चढली की उतरेपर्यंत तिची अख्खी जपमाळ ओढून व्हायची. नऊच्या ठोक्याला ती खुर्चीत बसायची, अंगठ्याने कपाळावर छोटासा क्रूस काढायची आणि बंदूक घेऊन कोळशाच्या खाणीत उतरायची.

आधी ती विणकामाच्या कारखान्यात होती. कापडाचं ठाण डोळ्यांसमोरून सरकायचं आणि चुकलेला टाका दिसला की ती खडूने खूण करायची. कारखाना बंद पडला तेव्हा कुणीतरी सांगितलं, सावा नदीपलीकडे काही पोरं कॉम्प्युटरचे गेम बनवतात, त्यांना चुका शोधणारं माणूस हवंय. ती गेली. पहिल्या दिवशी तिने भिंतीला अंग घासत सगळी खाण पालथी घातली आणि संध्याकाळपर्यंत एकतीस भोकं शोधून काढली, जिथून नायक भिंतीतून आरपार निघून जात होता. तेव्हापासून ती तिथेच. 'कोळशाचा किल्ला' या गेमचे पाच भाग तिच्या हाताखालून गेले. पोरांचे केस पिकायला लागले, पण तिला सगळे मावशीच म्हणत राहिले.

सहावा भाग मात्र पहिल्यांदाच कन्सोलवर यायचा होता. म्हणजे टेबल नाही, माउस नाही. लोकांनी घरी टीव्हीसमोर बसायचं, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचा, डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं. माउसने यागोदा खाणीतल्या वटवाघळाचा डोळा टिपायची. अंगठ्याने तिला समोरचा दरवाजा गाठायला तीन खेपा लागायच्या.

"मावशी, छतावर काय शोधताय? शत्रू खाली आहे," शेजारच्या टेबलावरची तेना हसायची. गेमचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ती सगळ्यात हुशार.

"मान वर गेली ती खालीच येत नाहीये गं. माझी नाही, त्याची!"

सहा महिने झाले तरी मान धड वळेना. शुक्रवारी अकराच्या जेवणाला, सॉसेज घातलेली राजम्याची आमटी खाताना, वेद्रान तिच्यासमोर येऊन बसला. कंपनी त्याची. पहिल्या भागाच्या वेळी तो तिच्याकडून शर्टाची बटणं लावून घ्यायचा.

"मावशी, राग मानू नका," तो ताटात बघत म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी गेम कन्सोलवाल्यांकडे तपासायला जातोय. नापास झाला तर सगळ्या तारखा बोंबलल्या. मी विचार करतोय, कन्सोलवर चुका शोधायचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं. इथून पुढे सगळं कन्सोलवरच जाणार."

"मग मी काय करू?"

"सोमवारी बोलू."

यागोदाने आमटी संपवली. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नेम होता. पण चव लागली नाही. संध्याकाळी तिने वेद्रानला विचारून एक कन्सोल, खोक्यातल्या नव्या कंट्रोलरसकट, पिशवीत घातला. दोन दिवस सराव करीन, म्हणाली. पिशवीचा हात बदलत बदलत घराच्या पायऱ्या चढताना तिला स्वतःचीच कीव आली आणि मग कीव आल्याचा राग आला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, शेवयांचं सूप आणि भाजलेली कोंबडी झाली. जेवण आटोपल्यावर तिचा नवरा श्टेफ सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "दे इकडे. बघू तरी एवढी वर्षं काय खेळतेस ते." श्टेफने चौतीस वर्षं ट्राम चालवली होती आणि आता त्याला चालवायला काही नव्हतं.

तो पहिल्याच दरवाजात अडकला. दुसऱ्या तासाला मात्र रंगात आला. यागोदा भांडी घासत त्याचं ओरडणं ऐकत होती.

"मर! मर रे काळ्या तोंडाच्या!"

"श्टेफ, रविवार आहे!"

"त्यांना सांग ना, ते माझ्यावर झाडतायत."

आणि मग एक मोठी शिवी. यागोदा हात पुसत बाहेर आली. पडद्यावर नायक खाणीच्या खोल विहिरीत पडून मेला होता.

"मी नाही पडलो," श्टेफ म्हणाला. "तो आपला आपण धावत गेला."

"सगळे असंच म्हणतात."

"यागोदा, मी अंगठा उचलला होता. चौतीस वर्षं गाडी हाकलीय मी, कधी सोडलं आणि कधी धरलं हे मला कळतं!"

तो खरंच दुखावला होता. तिने कंट्रोलर हातात घेतला. त्याचा दिवा गेला होता. बॅटरी संपली होती.

"आमच्या गाडीत बघ," श्टेफ अजून धुमसतच होता, "ड्रायव्हरचा पाय पॅडलवरून सुटला, त्याला झटका येवो नाही तर झोप लागो, गाडी जागच्या जागी थांबते. माणूस गेला तर गाडी थांबलीच पाहिजे. तुमची गाडी थांबत कशी नाही?"

यागोदा सोफ्याच्या कडेला टेकली. अगदी कारखान्यात टाका चुकलेला दिसला की बसायची तशी. ऑफिसात कंट्रोलर हरवतात म्हणून वेद्रानने सगळे केबलने टेबलांना बांधून टाकले होते. केबल उपटली की गेम थांबतो, हे तिने स्वतः तपासून तपासणीच्या यादीत बरोबरची खूण केली होती. पण केबलमधूनच सतत चार्ज होणाऱ्या कंट्रोलरची बॅटरी संपणार कधी? टेबलापाशी जन्म काढलेल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

संध्याकाळपर्यंत तिने नायक धावत असताना अकरा वेळा बॅटरी काढली. अकराही वेळा नायक तसाच धावत राहिला.

सोमवारी वेद्रानने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आधी हे बघ," आणि बॅटरी काढली. नायक धावत गेला, विहिरीत पडला. वेद्रानने स्वतः करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत टेकला.

"हे कन्सोलवाल्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं," तेना हळूच म्हणाली. "नापास."

"यादीवर खूण माझी आहे," यागोदा म्हणाली. "चूक माझीच."

"केबली मी बांधल्या, मावशी," वेद्रान म्हणाला. "आणि बाहेरच्या कंपनीला मी यादीच पाठवणार होतो. तीच खूण असलेली." त्याने बॅटरी पुन्हा आत बसवली. "कसं काय सापडलं पण?"

"घरी सोफ्यावर बसून. लोक तिथेच बसणार ना?"

तेनाने अकराच्या जेवणाच्या आत दुरुस्ती केली. दुपारी वेद्रानने कात्री घेऊन टेबलाटेबलावरच्या केबली सोडवल्या. गुरुवारी दोन माणसांनी एक जुना हिरवा सोफा जिन्यावरून वर चढवला आणि टीव्हीपासून दहा पावलांवर ठेवला. बाहेरच्या कंपनीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"ही तुमची जागा," वेद्रान म्हणाला. "सातव्या भागालाही."

"मान अजून वळत नाही माझी," यागोदाने बजावलं.

"घरोघरच्या मावश्यांचीही वळणार नाही. तुम्हाला जिथे अडेल तिथे सांगा, तेना सोपं करेल."

"म्हणजे माझं काम वाढलं," तेना म्हणाली आणि सोफ्यावर उडी मारून बसली. यागोदाने तिला पाय खाली घ्यायला लावले.

गेम पास झाला. बाजारात आला त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. यागोदाने सकाळी जाऊन देवमातेपुढे मेणबत्ती लावली आणि येताना श्टेफसाठी चीज भरलेले श्त्रुक्ली आणले. तो सकाळपासून खाणीतच होता. ती चप्पल काढते आहे तोवर आतून शिवी आली.

"काय झालं?"

"बॅटरी!" श्टेफ म्हणाला. "पुन्हा बॅटरीच गेली."

यागोदाने पाहिलं. नायक विहिरीच्या तळाशी पडला होता आणि कंट्रोलरचा दिवा लखलखीत जळत होता.

"हो रे," ती म्हणाली. "बॅटरीच असणार." आणि श्त्रुक्ली गरम करायला आत गेली.