हत्यारांच्या टेबलावर पोळपाट

एक मेला सुट्टी असते आणि आमच्या नाशिक रोडच्या चर्चमध्ये कामकऱ्यांच्या संत योसेफचा सण. तो स्वतः सुतार. त्या दिवशी ज्याने त्याने आपलं हत्यार आणायचं, वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं, मग फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. मी सातपूरला लेथवर टर्नर होतो, माप घ्यायचा मायक्रोमीटर न्यायचो. गवंडी थापी आणायचा, शिंपी कात्री. आमच्या शेजारचा तोफखान्यातून रिटायर झालेला हवालदार नुसती टोपी ठेवायचा. म्हणायचा, "तोफ टेबलावर मावत नाही, टर्नर." प्रत्येक धंद्याला आमच्यात एक पाठीराखा संत असतो; तोफवाल्यांची संत बार्बरा, हे छाती काढून सांगायचा. इंजिनियरांनाही कोणी संत आहे म्हणतात, त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

माझी बायको सातपूरच्या सड्या कामगारांना डबे द्यायची. पहाटे पाचलाच पोळपाट वाजायला लागायचा. पंच्याण्णवच्या आसपास एका सणाला तिने तो घासून, फडक्यात बांधून दाराशी ठेवला.

"अहो, मीपण नेऊ का?"

"पोळपाट काय हत्यार आहे का? लोक हसतील."

तिने गाठ सोडली आणि पोळपाट ओट्यावर नेऊन ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही. मीही विसरून गेलो.

दोन हजार साल उलटल्यावर ती गेली. महिनाभराचं दुखणं. रिकाम्या ओट्यावर तो पोळपाट दिसायचा आणि मला ती गाठ आठवायची. पुढचा एक मे आला, तेव्हा मायक्रोमीटर घरी ठेवला आणि पोळपाट-लाटणं घेऊन निघालो.

टेबल लावायला हवालदारच उभा.

"अरे टर्नर, हे हत्यारांचं टेबल आहे. जेवण मागे हॉलमध्ये."

"जेवायला नाही आलो. सरकव तुझी टोपी."

"याला संत तरी आहे का कोणी?"

"आहे. मार्था. प्रभू तिच्या घरी आला तेव्हा रांधायला तीच होती. आणि तुझ्या तोफेनं किती जणांना जेवू घातलं रे?"

मागे कोणीतरी हसलं. हसू दे. मी पोळपाट ठेवला आणि वरचा हात काढला नाही.

फादर आले, त्या वर्षी नवीनच बदलून आलेले. बघून म्हणाले, "कोणाचा हा?"

"बायकोचा."

"त्या नाही आल्या?"

"वारली. जिवंत होती तेव्हा मीच आणू दिला नाही."

मोठ्यानेच बोललो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.

फादरांनी पहिलं पाणी पोळपाटावर शिंपडलं, मग बाकीच्या हत्यारांवर. हवालदाराने टोपी उचलून काखेत धरली.

घरी आलो. पोळपाट पुसला नाही, तशाच ओल्यावर पोळी लाटली. चिकटली, फाटली. खाल्ली. आता दर सणाला तोच नेतो. मायक्रोमीटर कपाटात आहे, त्याला आजवर पुष्कळ पाणी मिळालंय.