तहानल्या मारुती

"तहानल्या मारुती कुठं हाय?" कसबा गणपतीच्या पायरीवरच बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "दाखवतो की." पुण्यात या नावाचा मारुती आहे, हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं.

माझं काम बाहेरगावच्या मंडळींना एका दिवसात पुण्यातले देव दाखवण्याचं. पुणं काही काशी नव्हे. पण श्रीमंतांच्या वाड्यावर कामाला आलेली माणसं दिवसचे दिवस ताटकळत बसतात, म्हणून कारकून त्यांना माझ्याकडे धाडतात. याला आम्ही फेरी म्हणतो. सकाळी कसब्यातून निघायचं, मग जोगेश्वरी, पेठांमधले मारुती आणि उन्हं कलली की पर्वती. मारुती इतके, की नुसतं मारुती म्हटलं तर कुणाला कळत नाही. म्हणून लोक प्रत्येकाला नाव ठेवतात. नावं ठेवण्यात आम्ही कधी मागे पडलो नाही.

बाई सुप्याकडच्या. गावची मंडळी वतनाच्या तंट्यासाठी वाड्यावर आली होती, त्यांच्या गाडीतून या आल्या. कारकुनांनी मला बजावलं होतं, "म्हातारी हळवी आहे. दिवस मावळायच्या आत सगळे देव उरकून आणा."

वाटेत बाई बोलत्या झाल्या. "माझा येसू फौजेसंगं उत्तरंला गेला. जाताना तहानल्या मारुतीच्या तुळईला नारळ टांगून गेलाय. लाल फडकं, आन त्याला आमच्या बैलाचं घुंगरू. परत आलो की आधी त्यो सोडीन, मग घरी यीन, म्हनला. सा वर्सं झाली. नारळ हाय का न्हाई, येवढंच बघायचंय."

आता इथे सरळ म्हणायचं होतं, मला ठाऊक नाही. तीनच शब्द. पण वीस वर्षं फेरी करणाऱ्याच्या तोंडून ते काही निघेनात.

हौदाशी न्हात्या मारुती लागला. पाणी भरणाऱ्या बायकांची ही गर्दी. मी बाईंना बाहेरूनच हात जोडायला लावले आणि पुढे नेलं. पेठेबाहेर माळावर एक मारुती होता. आसपास पाण्याचा टिपूस नाही, आणि त्याला कुणी नावही ठेवलेलं नव्हतं.

"हाच तो," मी म्हणालो.

बाई आत गेल्या. तुळईकडे बराच वेळ बघत राहिल्या. तुळई मोकळी होती. मला वाटलं, सापडलो. तेवढ्यात त्यांनी पदर तोंडाला लावला. "सोडला की वो नारळ. आला माझा येसू."

मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पर्वती राहिलीय अजून."

"ऱ्हाऊ द्या. त्यो घरी पोचला आन दाराला कडी असली तर?"

दुपारीच सुप्याकडची एक गाडी गाठून त्या गेल्या. कारकून म्हणाले, "वा, आज लवकर उरकलंत."

दुसऱ्या दिवशी मनाला चैन पडेना. न्हात्या मारुतीचा गुरव म्हातारा आणि पूजेला जुना, म्हणून त्याला विचारलं, तहानल्या म्हणजे कुठला?

"अहो, हाच की. तीस वर्षांमागं, हौद व्हायच्या आधी, इथं पाण्याचे हाल होते, तेव्हा याला तहानल्याच म्हणायचे; सुप्याकडची मंडळी अजून म्हणतात. आपल्याला ठाऊक नाही? आपण तर फेरी करता."

मी वर पाहिलं. फडक्याचा लाल रंग उडाला होता. घुंगरू तसंच होतं.

"सोडून टाकू का?" गुरवाने विचारलं. "वाळून खडखडीत झालाय."

"हात लावू नका," मी म्हणालो. मला माझी लाज वाटली.

सुप्याला जाऊन खरं काय ते सांगावं म्हणून दोनदा निघालो. दोन्ही वेळा दिव्याच्या घाटातून मागे फिरलो. पुढच्या वर्षी तंट्याची मंडळी पुन्हा आली, तेव्हा चौकशी केली. येसू आलेला नव्हता. बाई ठणठणीत होत्या. फक्त घर सोडून कुठे जात नव्हत्या आणि दाराला कडी लावत नव्हत्या.

ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं, एवढं मी यातून शिकलो. आता तसं म्हणतो. मग मंडळी रस्त्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारतात, आणि तो लगेच सांगतो.