तुळजाची टाळू

करणी, दृष्ट, अंगात येणं... असलं काही सांगणाऱ्यांना मी कायम हसत आले. मी फार्मसी शिकलेली. लेबल वाचल्याशिवाय गोळी घेत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच तोंडात सुरू झालं.

आम्ही तंजावरी मराठी. घर कुंभकोणमला, महामहम तळ्यामागच्या गल्लीत. आम्ही दोघी बहिणी. थोरली तुळजा तान्ही असतानाच आईनं तिला तिरुनीलक्कुडी गावच्या मावशीला देऊन टाकलं, मावशीला मूल नव्हतं म्हणून. मागून मी झाले. मला ठेवलं.

मी पंधरा वर्षांची असताना दातांचे डॉक्टर म्हणाले, वरचा जबडा अरुंद आहे, रुंद करावा लागेल. टाळूला स्क्रू असलेली पट्टी बसवली. तो स्क्रू रोज किल्लीनं थोडा फिरवायचा — ते काम आईचं, दिवेलागणीला. "दाब येईल, नाकाच्या मुळाशी ठणकेल," असं डॉक्टरांनी बजावलेलं. मला मात्र काहीच होईना. आई शेजारणींना सांगायची, माझी पोर सोशिक आहे.

काही दिवसांनी मावशी तुळजाला घेऊन आली. तिचा चेहरा सुजलेला.

"दिवे लागले की टाळू फाटते म्हणते," मावशी म्हणाली.

मी घाबरून तुळजाला तोंडातली पट्टी दाखवली. ती बघत राहिली. मग आईला म्हणाली, "आत्ता फिरवा."

हा वेडेपणा आहे हे दाखवायला म्हणून आईनं किल्ली फिरवली. मला काही जाणवलं नाही. तुळजा मात्र दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली.

"आई, काढ हे," मी म्हटलं.

"अर्ध्यात काढलं तर तुझं लग्न कोण जमवेल?" आणि तुळजाकडे न बघता, "तिचं दुखणं तिच्या आईनं बघावं."

"मला देऊन टाकलंत तेव्हाही विचारलं नव्हतंत," तुळजा म्हणाली.

त्यानंतर किल्ली फिरवून घ्यायला मी आईपुढे तोंड उघडलंच नाही. शेवटी माझे वडील, अप्पा, आम्हा दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझ्या टाळूचा मधला सांधा उघडून जबडा हवा तेवढा रुंद झाला होता, आता फिरवायची गरजच नव्हती! तुळजाचा एक्स-रे काढला. तिच्याही टाळूचा सांधा तसाच उघडलेला.

"हिला पट्टी कुणी बसवली होती?" डॉक्टर पुन्हापुन्हा विचारत राहिले.

दोघींच्याही पुढच्या दातांत फट पडली होती. माझी तारांनी बुजवली. तिची तशीच आहे. आईनं कधी विषय काढला नाही.

पुढे मी दोन डॉक्टरांना विचारलं. पट्टीशिवाय असं होत नाही, एक्स-रेंची अदलाबदल झाली असेल, म्हणाले. मी त्या खोलीत होते. अदलाबदल झाली नव्हती.

गेल्या महिन्यात तुळजाला म्हटलं, "आता मी कमावते. तुझ्या दातांचं करून घेऊ."

"नको," ती म्हणाली. "या खेपेला ते दुखणं कुणाकडे जाईल, तू सांगू शकतेस? माझी पोर आहे घरात."