आणखी आत, नाकाकडे

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर देणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. घाबरत आलेल्यांना धीर देण्यात त्यांचा हातखंडा. स्वतःचं दुखणं मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने आणलेल्या बुटांनी दोन वर्षं टाचा सोलल्या, तरी ताई "छान बसतात हो" म्हणत तेच घालत राहिल्या. सासरी त्यांचं कौतुक व्हायचं ते याचंच, कुरकुर म्हणून नाही.

नागीण उठली ती डाव्या कपाळावर. फोड सुकले, खपल्या पडल्या, चेहरा पूर्ववत झाला, पण दुखणं हटेना. नागीण गेली पण डूख धरून बसली, असं नवरा म्हणायचा. भुवईच्या आतल्या टोकाशी, नाकाजवळ, विस्तव ठेवल्यासारखी आग व्हायची, ती पापणीपर्यंत उतरायची. केसांची बट लागली तरी डोळ्यांत पाणी. गोळ्यांनी ताई झोपायच्या, दुखणं जागं राहायचं. कामावर जाणं सुटलं. शेवटी थोरल्या नणंदबाईंनी ओळख काढून अशा दुखण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ मिळवली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मोठं ऑपरेशन नाही. कानशिलाशी थोडी जागा बधिर करून सुईतून एक बारीक तार कातडीखाली भुवईवर, नसेजवळ सरकवायची. बाहेरच्या डबीतून सौम्य वीज सोडली की तिथे मुंग्या येतात आणि दुखण्याला जोर धरता येत नाही. आधी काही दिवस करून बघायचं, गुण आला तर कायमची बसवायची, नाही तर काढून टाकायची.

"पण मुंग्या दुखऱ्या जागेवरच यायला हव्यात," त्या म्हणाल्या. "ते मला दिसत नाही. तुम्हीच सांगायचं."

प्रत्यक्षात तार सरकवून वीज सोडल्यावर मुंग्या आल्या त्या कानशिलाकडे, केसांत. विस्तव जागच्या जागी. डॉक्टरांनी विचारलं, जागेवर आहेत ना? त्या कधीच्या वाकून उभ्या होत्या, बाहेर नवरा रजा टाकून बसला होता. ताईंच्या तोंडून निघून गेलं, "हो, छान आहे."

डॉक्टरांनी तार पक्की करायला टाक्याचं सामान मागितलं. नर्सने कपाळ पुसलं, कापडाची कड भुवईच्या टोकाला लागली आणि ताईंच्या मस्तकात कळ गेली. आता तार इथेच बसणार. गुण येणार नाही, म्हणून काही दिवसांनी काढूनही टाकणार. आणि आपण जन्मभर दुखणं सोसत सगळ्यांना बरं वाटतंय म्हणत राहणार.

"थांबा," ताई म्हणाल्या. "मी खोटं बोलले. तिथे नाहीत मुंग्या."

डॉक्टरांचा हात थांबला. "टाका घातल्यावर बोलला असतात तर भांडले असते तुमच्याशी. कुठे हव्यात?"

"आणखी आत. नाकाकडे."

"आता?"

"अजून."

"आता?"

"जास्त झालं. किंचित मागे."

ताईंनी आता मनावर घेतलंय, असं म्हणत नर्स हसली. तेवढ्यात मुंग्या नेमक्या विस्तवावर येऊन बसल्या. दुखणं गेलं नाही, पण उठून पलीकडच्या खोलीत गेलं आणि दार लोटून घेतलं. ताईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी काळजीने वाकून पाहिलं, तेव्हा ताईंनी होकाराची मान हलवली.

दोन दिवसांनी नणंदबाईंचा फोन आला. नवऱ्याने उचलला आणि सांगून टाकलं, एकदम बरी आहे. ताईंनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

"एकदम नाही, वन्सं. रुपयातले दहा आणे दुखणं गेलंय. भुवईशी चांगलाच फरक आहे. पापणीवर अजून काहीच फरक नाही."

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत या भावजयीने नणंदबाईंना एवढं कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "पापणीवर म्हणजे नेमकं कुठे गं?"

ताई खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या.